सहाचं संस्कृत : षष्, षट्, षड्, षण् आणि षो

मुग्धाक्षर (धागाकर्ता)
मराठीत रोज कानावर पडणारे हे शब्द बघा : षट्कोन, षड्रिपू, षण्मुख, षष्ठी, षोडशोपचार, षष्ट्यब्दी. आकडा एकच, पण प्रत्येक ठिकाणी तोंडवळा निराळा. पाच आणि सात इतका छळ करत नाहीत. पंचकोन, पंचमुख, पंचदश, सगळीकडे आपला 'पंच'.

माझे प्रश्न असे. मूळ शब्द नक्की कोणता, 'षट्' की 'षष्'? 'षोडश'मधला ओ कुठून आला? आणि मराठीत उतरताना या एकाच शब्दाचे सहा, सव्वीस, छत्तीस, शेहेचाळीस असे स, छ आणि श का झाले? सूत्रं दिली तरी चालेल, पण ती कशी लागतात तेही सांगा. नुसते क्रमांक नकोत.

कौमुदीवाचक
मूळ प्रातिपदिक, म्हणजे प्रत्यय लागण्याआधीचा शब्द, 'षष्'. 'षट्' हे त्याचं प्रथमेचं रूप. शाळेत 'षट्'पासून सुरुवात होते म्हणून पुढची रूपं अनियमित वाटतात. 'षष्'पासून निघालात आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारलात की बहुतेक गाठी सुटतात : शेवटचा ष् पदाच्या शेवटी आहे का?

पदान्ती असेल तर पाणिनीच्या अष्टाध्यायीतलं 'झलां जशोऽन्ते' (८.२.३९, म्हणजे अध्याय, पाद, सूत्र) लागून ष् चा ड् होतो : षड्. पुढे कठोर वर्ण आला तर 'खरि च'ने ट्. पुढे काहीच नसेल तर 'वाऽवसाने'ने विकल्प, म्हणजे षट् आणि षड् दोन्ही शुद्ध. षड्रिपू, षडानन, षट्कोन, षट्पद एवढ्यातच उलगडले. पुढे अनुनासिक आलं की 'यरोऽनुनासिकेऽनुनासिको वा' (८.४.४५) : षण्मुख, षण्मास. इथला 'वा' विसरू नका. 'षड्मुख' कानाला खटकतं, पण व्याकरणाच्या दृष्टीने अशुद्ध नाही.

प्रथमा आणि द्वितीयेचे प्रत्यय दिसत नाहीत, कारण 'षड्भ्यो लुक्' (७.१.२२) जस् आणि शस् (प्रथमा-द्वितीया बहुवचनाचे प्रत्यय) दोन्ही उडवतं. सूत्रातलं 'षट्' म्हणजे आकडा सहा नव्हे, ती संज्ञा आहे. 'ष्णान्ता षट्' (१.१.२४) : ष् किंवा न् शेवटी असलेल्या संख्याशब्दाला 'षट्' म्हणायचं. म्हणजे पञ्चन्, सप्तन्, नवन् हे सगळे पाणिनीच्या लेखी 'षट्'च. गंमत अशी की पाच ते दहा मोजले तर असे शब्द बरोबर सहा भरतात.

खडूफळा
+१. विद्यार्थी नेमके कुठे घसरतात तेवढं लिहितो.

रूपं : षट्, षट्, षड्भिः, षड्भ्यः, षड्भ्यः, षण्णाम्, षट्सु. तिन्ही लिंगांत हीच. षट् बालकाः, षट् बालिकाः, षट् फलानि. स्त्रीलिंगी करायच्या नादात कोणी 'षटा' किंवा 'षष्ठी बालिकाः' लिहू नये. 'न षट्स्वस्रादिभ्यः' (४.१.१०) या संख्यांना स्त्रीप्रत्ययच लागू देत नाही. मात्र विभक्ती बदलायला हवी. 'षट् बालिकाभिः सह' हे चूक, 'षड्भिः बालिकाभिः सह' हे बरोबर. मराठीत 'सहा मुलींबरोबर' म्हणताना 'सहा' जागचा हलत नाही, तीच सवय संस्कृतात आड येते.

दुसरी घसरगुंडी षष्टि, म्हणजे साठ. ते विशेषण म्हणून वापरलं तरी स्त्रीलिंगी एकवचनीच राहतं : षष्टिः बालकाः, षष्ट्या बालकैः. 'विंशत्याद्याः सदैकत्वे' हा अमरकोशातला चरण पाठ असला की 'षष्टयः बालकाः' असं लिहिलं जात नाही.

तिसरी, षट्सु. मुलं 'षट्षु' लिहितात, कारण 'वाक्षु' पाठ असतं. पण प्रत्ययाच्या स चा ष व्हायला आधी इण् (अ-आ सोडून बाकीचे स्वर आणि ह, य, व, र, ल) किंवा कवर्ग लागतो, आणि ट् या दोन्हींत बसत नाही. 'षट्त्सु' असं मधे त् असलेलं रूप छापलेलं दिसलं तर तो मुद्रणदोष समजू नका. 'डः सि धुट्' (८.३.२९) ने ते वैकल्पिक आहे.

अर्धमात्रा
षण्णाम् कसं होतं ते राहिलं. षड् + नाम् मध्ये ट-वर्गाशेजारी न आला की ष्टुत्वाने, म्हणजे शेजारच्या ट-वर्गासारखा होऊन, ण होईल हे ठीक. पण मग षट् + तिला चं 'षट्टिला' का होत नाही? पंचांगात तर षट्तिला एकादशीच असते.

कौमुदीवाचक
प्रश्न मर्मावर आहे. आधी नाम् कुठून येतं ते बघू. षष्ठी बहुवचनाचा प्रत्यय आम्. 'षट्चतुर्भ्यश्च' (७.१.५५) त्याच्या आधी न् आणतं, म्हणून नाम्. हा प्रत्यय व्यंजनाने सुरू होत असल्यामुळे आधीचा 'षष्' पद, म्हणजे स्वतंत्र शब्दासारखा, ठरतो (१.४.१७) आणि ष् चा ड् होतो. आता 'ष्टुना ष्टुः' (८.४.४१) लागायला तयार आहे. पण पुढचंच सूत्र आडवं येतं : 'न पदान्ताट्टोरनाम्' (८.४.४२). पदान्ती ट-वर्ग असेल तर त्याच्या शेजारच्या स किंवा त-वर्गाला ष्टुत्व नाही. म्हणून षट् ते, षट् सन्तः, षट्त्रिंशत् आणि तुमची षट्तिला, सगळे त शाबूत. सूत्रातलं शेवटचं 'अनाम्' म्हणजे नाम् हा अपवाद. म्हणून षड् + णाम्.

मग पाणिनीच्या सूत्रांवर वार्तिकं, म्हणजे पुरवणी नियम, लिहिणाऱ्या कात्यायनाच्या लक्षात आलं की एवढा अपवाद पुरत नाही. त्याचं वार्तिक : 'अनाम्नवतिनगरीणामिति वाच्यम्'. म्हणजे नवति आणि नगरी हे शब्दही सोडवून घ्यायचे : षण्णवति, षण्णगर्यः. शेवटी ड् चा ण् करणारं सूत्र वैकल्पिक असलं, तरी प्रत्यय पुढे असताना भाषेत ते नित्य लागतं असं आणखी एक वार्तिक आहे. म्हणून षण्णाम् ला पर्याय नाही, षण्णवति ला 'षड्णवति' हा पर्याय आहे.

याच ओळीत 'षड्लक्ष' चं 'षल्लक्ष' करणाऱ्यांसाठी : 'तोर्लि' फक्त त-वर्गाचा ल करतं. उत् + लेख = उल्लेख, पण षड् + लक्ष = षड्लक्षच.

मुग्धाक्षर
वा! आता षष्ठ. तिथे ष् टिकला कसा? 'षट्थ' किंवा 'षड्थ' का नाही?

कौमुदीवाचक
या सगळ्या प्रकरणातली मला सर्वांत आवडणारी जागा ही. आगम, म्हणजे जादा येणारा वर्ण, शब्दाच्या कोणत्या टोकाला चिकटवायचा, एवढ्यावर सगळं अवलंबून आहे.

क्रमवाचकासाठी प्रत्यय डट्, त्यातलं उरतं नुसतं 'अ' (५.२.४८). पञ्चन् ला 'नान्तादसंख्यादेर्मट्' (५.२.४९) ने म् मिळतो, षष् ला 'षट्कतिकतिपयचतुरां थुक्' (५.२.५१) ने थ्. एकाला ट् हा इत् (खुणेपुरता, पुढे गळणारा वर्ण), दुसऱ्याला क्. 'आद्यन्तौ टकितौ' (१.१.४६) : टित् आगम सुरुवातीला बसतो, कित् शेवटाला.

मट् प्रत्ययाच्या सुरुवातीला बसला, प्रत्यय झाला 'म'. तो व्यंजनादी, म्हणून पञ्चन् पद झालं, पदान्ती न् गळला (८.२.७), पञ्चम.

थुक् बसला षष् च्या शेवटी : षष्थ् + अ. प्रत्यय स्वरादीच राहिला. स्वरादी प्रत्ययापूर्वी पदसंज्ञा नसते, भसंज्ञा असते. पद नाही म्हणून ष् चा ड् नाही. ष् जिवंत राहिला, त्याने शेजारच्या थ् ला ठ् केलं : षष्ठ. आणि पदान्ती ट-वर्ग नसल्यामुळे मघाचा निषेधही इथे लागत नाही. थुक् ऐवजी थट् केला असता तर खरोखरच 'षट्थ' पदरी पडलं असतं.

मधलं सूत्र मुद्दाम सोडलं होतं : 'थट् च छन्दसि' (५.२.५०). वेदात नकारान्त संख्यांनाही थ लागतो. ऋग्वेद १.१६४.१५ मध्ये 'सप्तथम्' आहे, 'सातवा' या अर्थी. त्याच ऋचेत 'षळिद् यमाः' असंही आहे. षट् + इत्, आणि दोन स्वरांमधल्या ड चा ऋग्वेदपाठात होणारा ळ.

ध्वनिवेध
सप्तथ ला जुन्या इराणी अवेस्तातला 'हप्तथ' जुळतो, म्हणजे हा थ भारतात नव्याने उगवलेला नाही.

आता 'षष्' कुठून आला ते. भगिनी भाषा बघा : लॅटिन सेक्स, ग्रीक हेक्स, लिथुआनियन शेशि, वेल्श ख्वेख, अवेस्ता ख्श्वश्. शेवटच्या दोघांत 'व' चा अंश टिकलाय. त्यामुळे मूळ भारोपीय रूप *स्वेक्स् (* म्हणजे तुलनेवरून कल्पिलेलं) असं मांडतात, त्यातला क् तालव्य. संस्कृतात व गेला. शेवटच्या तालव्य क् + स् चा मूर्धन्य ष् झाला आणि त्याने सुरुवातीच्या स् ला आपल्यासारखं करून घेतलं. *सष् चा षष्.

हा आरंभीचा ष् किती दुर्मीळ आहे ते बघायचं तर कोणताही संस्कृत कोश उघडा. ष चं प्रकरण दोन-चार पानांत आटोपतं, आणि त्यातली बरीच जागा सहाच्या कुटुंबाने अडवलेली असते. उरतात ष्ठीव् (थुंकणे), षण्ढ आणि असे थोडे. धातुपाठात षह्, षिच्, षद् असे ष ने सुरू होणारे पुष्कळ धातू दिसतात खरे, पण 'धात्वादेः षः सः' (६.१.६४) लगेच त्यांचा स करतं. तिथे ष लिहिलाय तो पुढे निषिञ्चति, विषीदति मध्ये स चा ष व्हावा म्हणून ठेवलेली खूण.

षोडश चा ओ : षष् + दश मध्ये ष् च्या पुढे मृदू द. त्यामुळे ष् सघोष झाला, त्याने द ला मूर्धन्य केलं (ड) आणि स्वतः नाहीसा झाला. जाताना मागच्या अ चा ओ करून गेला. हे एकट्या सोळाचं नाही. वह् पासून वोढुम्, सह् पासून सोढुम्, तिथेही हेच घडलंय. षोढा (सहा प्रकारे) त्याच माळेतला.

कौमुदीवाचक
पाणिनीने वोढुम्, सोढुम् साठी वेगळं सूत्र केलं, 'सहिवहोरोदवर्णस्य' (६.३.११२). षोडश मात्र 'पृषोदरादीनि यथोपदिष्टम्' (६.३.१०९) मध्ये, म्हणजे 'शिष्ट बोलतात तसं घ्या' या खात्यात जातं. तिथलं वार्तिक सांगतं : षष् च्या पुढे दतृ, दश, धा आले तर उत्व (ष् चा उ, मग अ + उ = ओ) आणि उत्तरपदाच्या आरंभाला ष्टुत्व. धा च्या बाबतीत विकल्प, म्हणून षोढा आणि षड्धा दोन्ही. दतृ चं उदाहरण 'षोडन्', सहा दात आलेला बैल. जनावराचं वय दातांवरून सांगायची रीत आपल्या बैलबाजारात आजही आहे. दुदाती, चौदाती, सहादाती म्हणतात तोच हा षोडन्.

यादीत तिघेच आहेत हे लक्षात ठेवा. म्हणून षड्विंशति, षडशीति मध्ये ओ नाही, आणि 'षोदर्शने' असलं काही होत नाही. षड्दर्शनेच.

सकछत्तीस
मराठीची बाजू मी घेतो. पाढ्यातली एकच ओळ म्हणा : 'सहा सक छत्तीस'. तिन्ही शब्दांत तोच षष्, आणि तिसऱ्याचं तोंड वेगळं.

प्राकृतात षष् चा 'छ' झाला. प्राकृताचा व्याकरणकार हेमचंद्र, त्याचं सूत्रच आहे, 'षट्शमीशावसुधासप्तपर्णेष्वादेश्छः' : छट्ठो, छप्पओ, छम्मुहो. (त्याच सूत्रात शाव चा छावो, म्हणजे आपला छावा.) मराठीने मग या प्राकृत छ चा नेमाने स केला. पुच्छ- चं पुसणे, कच्छप चं कासव, वच्छ चं वासरू, मच्छ चा मासा, उच्छु चा ऊस. पुढे इ किंवा ए असेल तर श : मच्छिआ ची माशी, छेत्त चं शेत. या हिशोबाने छह चं सहा, छव्वीस चं सव्वीस, छक्क (षट्क) चं सक, हे सगळे घरचेच. शेहेचाळीस मध्ये ए आहे, म्हणून श. कोकणीतही सहाला 'स' म्हणतात, हिंदी-गुजरातीसारखा छ नाही.

नियमाबाहेर आहेत ते छत्तीस आणि छप्पन्न. मराठी वळणाने 'सत्तीस' आणि 'सप्पन्न' व्हायला हवे होते. माझा तर्क असा की हे दोन उत्तरेकडच्या हिशोबी बोलीतून आले. 'सत्तीस' शेजारच्या सदतीसशी घोटाळा करणारा, त्यामुळे परका शब्द सोयीचा पडला असावा.

सोळा आणि साठ यांची वाट वेगळी. पालीत सहाला 'छ' असूनही सोळाला 'सोळस' आणि साठला 'सट्ठि'. म्हणजे तिथे छ कधी आलाच नाही, आणि हिंदीतही सोलह, साठ असाच स आहे. एकसष्ट, सहासष्ट मधला ष्ट मात्र संस्कृताकडे बघून राखलेला.

ध्वनिवेध
बहुतेक पटलं. एक पुरवणी : अशोकाच्या स्तंभलेखांत 'सडुवीसति-वस-अभिसितेन' असं येतं, राज्याभिषेकाला २६ वर्षं झालेला. म्हणजे स ने सुरू होणारा सव्वीस तेव्हाही होता. पण त्याला मराठी सव्वीसचा थेट आजा म्हणता येणार नाही. मराठीत छ चाही स होतो, त्यामुळे नुसत्या मराठी रूपावरून दोन वाटा वेगळ्या काढता येत नाहीत.

आणि शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव? तिथे श च्या पुढे अ आहे. तुमच्या नियमाने स हवा.

सकछत्तीस
बरोबर, तिथे नियम सरळ लागत नाही. शेहेचाळीसच्या घराण्यातला श पुढच्या दशकांत पसरला असं मी मानतो. गणतीत शेजारचे शब्द एकमेकांना ओढतातच.

अर्धमात्रा
शहाण्णव मधला ण्ण म्हणजे कात्यायनाचा षण्णवति थेट मराठीत आला म्हणायचा!

खडूफळा
मोह होतो खरा, पण ब्याण्णव, पंच्याण्णव, नव्याण्णव सगळ्यांतच ण्ण आहे, आणि द्विनवति किंवा पञ्चनवति मध्ये तो नाही. पालीतल्या 'छन्नवुति' सारख्या रूपांवरून इतरांनी उचलला असं म्हणता येईल. थेट वारसा सिद्ध होत नाही.

पंचांगपाहा
थोडं व्यवहारातलं. पत्रिका छापणाऱ्यांकडे दर मोसमात 'षष्ठ्यब्दिपूर्ती' दिसते. त्याचा अर्थ सहाव्या वर्षाशी जाऊन भिडतो. साठ म्हणजे षष्टि, ट ला ठ नाही. षष्टि + अब्द = षष्ट्यब्द. साठ वर्षांचा समूह म्हणून शताब्दीसारखं षष्ट्यब्दी, म्हणून 'षष्ट्यब्दीपूर्ती'. 'षष्ट्यब्दपूर्ती' हेही चालतं. उलट तिथी, विभक्ती आणि चंपाषष्ठी यांत ठ. ओळखायची खूण : सहावा असेल तिथे ठ (षष्ठ), साठ असेल तिथे ट. मराठी साठ मध्ये ठ आहे म्हणून संस्कृतातही असणार, या समजुतीने हा घोळ होतो.

चंपाषष्ठीला जेजुरीकडे 'सट' म्हणतात. बाळाच्या जन्मानंतर पुजली जाणारी सटवी, सटवाई हीसुद्धा षष्ठीच. तिकडे बिहारात कार्तिक शुद्ध षष्ठीची 'छठ'. छ आणि स चा तोच फरक, कॅलेंडरावर.

सरकारी कागदांत 'षण्मासिक' आणि 'षाण्मासिक' दोन्ही दिसतात. साप्ताहिक, वार्षिक प्रमाणे पहिल्या स्वराला वृद्धी हवी, म्हणून षाण्मासिक. नको असेल तर सरळ सहामाही लिहा. कार्तिकेयाचं 'षाण्मातुर' हे नावही याच वृद्धीचं, सहा मातांचा मुलगा.

अर्धमात्रा
क्रिकेटमधलं षटक?

खडूफळा
षट्क, सहाचा गट. 'संख्याया अतिशदन्तायाः कन्' (५.१.२२) मधला क प्रत्यय, पञ्चक, सप्तक, अष्टक सारखाच. क व्यंजनादी, म्हणून षष् पद झालं आणि षट् दिसला. मराठीने मधला हलन्त सोडून 'षटक' केलं. तेच षट्क प्राकृतातून पाढ्यात 'सक' झालं आणि हिंदीत 'छक्का'. मैदानावर सहा चेंडूंचं षटक आणि सहा धावांचा छक्का, दोन्ही एकाच शब्दाची पोरं. 'षटकार' हा मात्र चौकारच्या साच्यात बसवलेला नवा शब्द आहे.

मुग्धाक्षर
शेवटचं विचारून घेतो. मानपत्रात 'साठावा' आणि 'सहासष्टावा' संस्कृतात लिहायचे असतील तर? मला षष्टितम आणि षट्षष्ट अशी दोन वळणं दिसली.

कौमुदीवाचक
दोन्ही आपापल्या जागी बरोबर. सुट्या साठला 'षष्ट्यादेश्चासंख्यादेः' (५.२.५८) ने तमट् (तम हा प्रत्यय) नित्य आहे. म्हणून षष्टितमः एवढंच, 'षष्टः' नाही. आधी दुसरी संख्या जोडलेली असेल तर 'विंशत्यादिभ्यस्तमडन्यतरस्याम्' (५.२.५६) चा विकल्प मिळतो : षट्षष्टः किंवा षट्षष्टितमः. संस्कृतात दिन नपुंसकलिंगी, म्हणून षष्टितमं वर्धापनदिनम्. जयन्ती असेल तर षष्टितमी. 'षष्टितमा' नको, तमट् टित् आहे, त्याला ङीप् (स्त्रीलिंगी ई) लागतो.